गिरवता गिरवता सुचतं

मराठीत ‘मी सुचलो’ असं कुणी म्हणत नाही. ‘मला सुचलं’ म्हणतात. भूक लागते, झोप येते, ठेच लागते, त्याच चालीवर सुचतं. सुचणं आपल्या हुकमतीतलं नाही, हे भाषेने केव्हाच मान्य करून टाकलं आहे. पण झोप हुकमी येत नसली तरी अंथरूण घालणं आपल्या हातात असतं. डिझाइनवर पोट असणाऱ्यांना हे अंथरूण रोज घालावं लागतं. संध्याकाळी सहाला क्लायंटला तीन पर्याय दाखवायचे असतात आणि तेव्हा सुचण्याची वाट बघत बसायची सोय नसते.

अशा वेळी बहुतेकांचा हात एकाच ठिकाणी जातो. पिंटरेस्ट उघडायचं, ‘मसाल्याचा लोगो’ शोधायचं आणि खाली खाली सरकत राहायचं. शोधाचा शब्द एक असला की समोर येणारी चित्रंही जवळपास तीच येतात. लाल मिरची, खलबत्ता, गोल चौकटीत गुंडाळलेलं नाव. पुण्यातल्या, नाशकातल्या, नागपुरातल्या दहा जणांनी तेच बघितलं की त्यांचे दहा लोगो एकमेकांची मावसभावंडं निघतात. हा दोष आळसाचा नाही. तासभर डोळ्याला भरपूर खाऊ मिळाला आणि हात मात्र माउसवर रिकामा बसून राहिला.

जुन्या शाळेत हाताला काम देण्याची एक रीत होती, गिरवणं. पाटीवर अक्षर काढून दिलेलं असायचं आणि पोरानं त्यावरून पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवायची. पुढे या शब्दाला घोकंपट्टीचा वास लागला आणि ‘गिरवणारा’ म्हणजे ज्याला स्वतःचं काही सुचत नाही तो, असा अर्थ झाला. डिझाइनच्या कामात हा शब्द मला मानाने परत आणावासा वाटतो. रोज वीस मिनिटं, एक देवनागरी अक्षर, बोरूने म्हणजे वेळूच्या लेखणीने. माझ्या मते यापेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगी सवय ग्राफिक डिझाइनरला दुसरी नाही. देवनागरी एवढ्यासाठी की आपल्यापैकी बहुतेकांना अक्षरांचं शिक्षण रोमन लिपीतून मिळालेलं असतं, कामं मात्र देवनागरीत येतात. पहिलीपासून वाचतो म्हणून हे अक्षर आपल्याला येतं असं वाटतं. पाच मिलिमीटरचं टोक कागदावर टेकवलं की किती कमी बघितलं होतं ते कळतं.

बोरू तयार मिळाला तर उत्तम, नाहीतर करंगळीएवढा जाड बांबू किंवा वेळू चालतो. अठरा-वीस सेंटिमीटरचा तुकडा घ्यावा. एका टोकाला तीन सेंटिमीटर लांबीचा तिरका काप घ्यावा, आतला मऊ गर खरवडून काढावा आणि टोक पोस्टकार्डाइतकं पातळ होईपर्यंत तासावं. दोन्ही बाजू तासून टोकाची रुंदी पाच मिलिमीटरवर आणावी. मधोमध सेंटिमीटरभर चीर द्यावी, शाई तिच्यातून उतरते. मग टोक लाकडी फळीवर ठेवून धारदार कटरने एकाच दाबात छाटावं. दोन-तीनदा करवतल्यासारखं कापलं तर धार चिरफळते आणि प्रत्येक रेघेला केस फुटतात.

ही शेवटची छाटणी तिरकी हवी, आणि तिरकी कुठल्या बाजूला हे फार महत्त्वाचं. टोक वर करून बोरू समोर धरला तर डावा कोपरा उंच आणि उजवा खाली दिसला पाहिजे. रोमन कॅलिग्राफीसाठी विकत मिळणारी निब देवनागरीला तशीच वापरली तर जाडी उलट्या जागी पडते. ‘ठ’ घ्या. देवनागरी वळणात त्याचा गोल वर-डावीकडे आणि खाली-उजवीकडे जाड असतो. रोमन ‘ओ’ बरोबर याच्या उलट, खाली-डावीकडे आणि वर-उजवीकडे जाड. इंग्रजी निबेने काढलेला ‘ठ’ वाचता येतो, पण परगावच्या माणसासारखा दिसतो.

कोन बरोबर आहे का ते चार रेघांत कळतं. वरून डावीकडून खाली उजवीकडे ओढलेली तिरपी रेघ केसासारखी बारीक यायला हवी. तिच्या उलटी, उजवीकडून खाली डावीकडे येणारी, टोकाच्या पूर्ण रुंदीची. उभी आणि आडवी मात्र एकमेकींइतक्याच जाड. टोक पाच मिलिमीटरचं आणि कोन पंचेचाळीस अंशांचा असेल तर दोन्ही साधारण साडेतीन मिलिमीटर भरतात. शिरोरेषा बारीक आणि दंड, म्हणजे अक्षराची उभी रेघ, जाड येत असेल तर हात आडवा पडला आहे, उलटं होत असेल तर कोन फार उभा झाला आहे. सुरुवातीच्या आठवड्यात ओळ संपेपर्यंत मनगट नकळत फिरतं आणि पहिला दंड व शेवटचा दंड वेगळ्या माणसांनी काढल्यासारखे दिसतात. त्यावर उपाय म्हणजे बोटांनी ओढायचं सोडून पूर्ण हात खांद्यातून सरकवायचा.

शाईसाठी काळा पोस्टर कलर दुधाइतका पातळ करून घ्यावा. पातळ फार झाला तर कागदात पसरतो, घट्ट राहिला तर रेघ मध्येच तुटते. झेरॉक्सच्या कागदावर कडा फुटतात, त्यापेक्षा कार्ट्रिज कागद ए-फोर आकारात कापून ठेवलेला बरा. त्यावर पेन्सिलने पाच पट्टे आखायचे. शिरोरेषेपासून पायाच्या रेषेपर्यंत पंचवीस मिलिमीटर, म्हणजे टोकाच्या पाचपट. वर मात्रा-वेलांट्यांना बारा, खाली उकारांना बारा. प्रत्येक पट्ट्यात तेच अक्षर पाच वेळा, पानावर पंचवीस.

पंचवीसच का, शंभर का नाही? शंभर काढताना मन निघून जातं आणि हात एकटा राहतो. या पानाचा सगळा अर्थ ओळींच्या नियमात आहे. पहिली ओळ जमेल तेवढी नीट. दुसरीत फक्त रुंदी बदलायची, बाकी काही नाही. तिसरीत फक्त आतली पोकळी लहान-मोठी करायची. चौथीत फक्त जोड, म्हणजे अक्षराचं गोल पोट दंडाला कुठे आणि कसं भेटतं ते. पाचवी ओळ मोकळी. पहिल्या चार ओळींनी हात बांधून ठेवलेला असल्यामुळे पाचव्या ओळीत तो जे करतो ते कोऱ्या कागदासमोर बसून कधी झालं नसतं. मर्यादेने सुचतं म्हणतात ते खरं आहे, फक्त ती मर्यादा मोजता येण्याइतकी नेमकी असली पाहिजे. ‘काहीतरी वेगळं कर’ म्हटलं तर हात घुटमळतो, ‘फक्त रुंदी बदल’ म्हटलं की लगेच चालतो. दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीचं हेच. सात बाय सात ठिपके ठरलेले, म्हणून रोज नवी रांगोळी निघते. शाई काढायला वेळ नसेल त्या दिवशी चौकटीच्या वहीत सात बाय नऊ घरांत, पूर्ण चौकोन आणि पाव गोल एवढेच आकार वापरून तेच अक्षर बसवावं.

आता एका अक्षराजवळ जाऊ. ‘क’. दंड मध्ये, डावीकडे पोट, उजवीकडे हात. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दोन्ही बाजू सारख्या काढणं. मग ‘क’ फुलपाखरासारखा दिसतो आणि त्याचा तोल जातो. डावं पोट बंद आहे, आतली हवा कोंडलेली. उजवा हात उघडा आहे, बाहेर येऊन खाली वाकतो. बंद आणि उघडी जागा सारखी भासत नाही, म्हणून दोन्ही बाजू डोळ्याला सारख्या दिसायला उजवा हात किंचित लांब पोचला पाहिजे. दुसरी अडचण दंडावरच्या जोडाची. पोट आणि हात एकाच ठिकाणी दंडाला भेटले की तिथे शाईचा ठिपका जमतो. मोठ्या आकारात तो खपतो, व्हिजिटिंग कार्डावर मात्र अक्षराच्या छातीवर डाग दिसतो. बोरूवर याचा उपाय म्हणजे दंडात शिरताना टोकाचा एक कोपरा उचलून रेघ निमुळती करणं. नंतर संगणकावर ‘क’ ठळक करायची वेळ आली की हीच निमुळती जागा तुम्ही न सांगता कापता, कारण ती हाताला ठाऊक झालेली असते.

अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने घेऊ नयेत. आकाराच्या घराण्याने घ्यावीत. ‘व’ जमला की ‘ब’, मग ‘क’. ‘र’ नंतर ‘स’ आणि ‘ख’. ‘प’ नंतर पोटफोड्या ‘ष’, मग ‘फ’. ‘ट’, ‘ठ’, ‘ढ’, ‘द’ एका घरचे. आठवड्याला पाच धरली तर दोन महिन्यांत चाळीसेक अक्षरं होतात. याच ओघात ‘म’-‘भ’ आणि ‘घ’-‘ध’ पाठोपाठ काढावेत. इथे शिरोरेषेची छोटीशी फट हेच अक्षर असतं. ‘भ’वरची फट बुजली की ‘भात’चा ‘मात’ होतो, ‘धन’चा ‘घन’. लोगोत शिरोरेषा एका सरळ पट्टीने ओढून टाकणाऱ्यांकडून हे रोज घडतं. याच्याच उलट चूक म्हणजे अक्षरांतलं अंतर सॉफ्टवेअरमध्ये वाढवणं. रोमनमध्ये ती शोभा असते. देवनागरीत जिथे हवी तिथली फट सोडून भलतीकडेच शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या दातांसारखा दिसतो.

मराठीची म्हणून काही अक्षरं आहेत, त्यांना एकेक दिवस जास्त द्यावा. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही आपली वळणं आहेत, राज्य सरकारने २०२२च्या शासननिर्णयात तीच वापरायला सांगितलं आहे. तरीही पाट्यांवर, पॅकेटांवर हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ सर्रास दिसतात, कारण बऱ्याच फाँटांत मूळ आकार तो असतो आणि मराठी आकार भाषा ‘मराठी’ निवडल्यावरच बाहेर येतो. मजकुराची भाषा सॉफ्टवेअरमध्ये बदलायला दहा सेकंद लागतात. आणि ‘ऱ’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. फरक एवढाच की एकात रफार ‘या’च्या डोक्यावर बसतो आणि दुसऱ्यात अर्धा ‘र’ चंद्रकोरीसारखा ‘या’च्या डावीकडे येऊन त्याला बिलगतो. ही कोर किती खोल, किती बारीक, शिरोरेषेला कुठे चिकटते, याचा विचार फार थोड्या ठिकाणी झालेला दिसतो. एक सकाळ तिला दिली तर इतकं सापडतं की दुसऱ्या दिवशीही तीच काढावीशी वाटते. काढावी.

सवय मोडते ती बहुधा मांडामांडीत. कागद आखायला, शाई कालवायला रोज पंधरा मिनिटं गेली तर चौथ्या दिवशी कंटाळा येतो. म्हणून रविवारी एकदम पाच कागद आखून, कापून ताटात ठेवावेत. खाडे झाले तर ते भरून काढायला एका दिवशी पाच अक्षरं काढू नयेत. जिथे थांबलो तिथून पुढे. पहिले तीस दिवस पानं कुणाला दाखवू नयेत, इन्स्टाग्रामवर तर मुळीच नाही. लोकांना आवडणारं अक्षर कुठलं हे एकदा कळलं की पाचवी ओळ त्याच्याच मागे लागते. टॅबलेटवर हाच सराव करता येईल का? नंतर येईल. सुरुवातीला नको, कारण टॅबलेट रेघेतला कंप गुपचूप पुसून टाकतो आणि चूक मागे घ्यायची सोय देतो. बोरूची रेघ मागे घेता येत नाही, म्हणून ती ओढण्याआधी अर्धा क्षण माणूस बघतो. तो अर्धा क्षण मला फार मोलाचा वाटतो. शेवटी पानावर तारीख घालून एका अक्षराला गोल करावा आणि शेजारी एकच ओळ लिहावी, ‘पोट खाली ओढलं, भारदस्त झालं’ अशी. ‘छान’ लिहू नये. सहा महिन्यांनी ‘छान’मधून काहीही कळत नाही.

आता तो मसाल्याचा लोगो. समजा शब्द ‘मसाले’ आहे. तिसऱ्या आठवड्यापासून हातातल्या कामातला एखादा शब्द रोजच्या अक्षरानंतर दहा मिनिटं पेन्सिलने काढावा, काडेपेटीएवढ्या नऊ चौकटींत नऊ वेळा. चौकट लहान असली की बारकावे बसत नाहीत, विचार तेवढा बसतो. पहिल्या दोन-तीन चौकटींत मिरची आणि खलबत्ता येऊन जाणार, येऊ द्यावेत. पण ज्याने ‘म’, ‘स’, ‘ल’ काढले आहेत त्याला या शब्दात आधी चार उभे दंड दिसतात. ‘म’चा, ‘स’चा, काना आणि ‘ल’चा. चारही सारख्या उंचीचे, जवळजवळ सारख्या अंतराचे, म्हणजे कुंपण. शब्द कडक का वाटतो ते इथे कळतं. मग हात विचारायला लागतो. काना आखूड करून त्याखाली ‘स’ची शेपटी सरकवली तर? ‘ल’च्या दोन पाकळ्या फुगवून त्याच शब्दाचं पोट केल्या तर? मात्रा डावीकडे लांबवून कान्यावर छत्रीसारखी धरली तर? हे तीन पर्याय पिंटरेस्टवर नव्हते, ते ‘मसाले’ या शब्दातच होते. दुकानाचं नाव बदललं की पर्यायही बदलतील, म्हणूनच ते दुसऱ्या कुणाच्या लोगोसारखे दिसणार नाहीत.

नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची शीर्षकं बघताना हे लख्ख दिसतं. २०२० साली ते गेले, पण ती अक्षरं बघितली की अजूनही नाटकाचा स्वभाव आधी कळतो आणि नाव मागून वाचलं जातं. वर चिकटवलेलं चित्र क्वचितच, वेलांटी, काना, गाठ यांच्यातूनच सगळं काढलेलं. र. कृ. जोशी यांचं काम दुसऱ्या टोकाचं. जाहिरातीच्या धंद्यात राहिलेला, पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइनच्या शाळेत शिकवलेला हा सुलेखनकार, आणि विंडोजबरोबर घराघरात पोचलेला ‘मंगल’ फाँट त्यांचा. एकीकडे हाताची मुक्त रेघ, दुसरीकडे पडद्यावरच्या मोजक्या ठिपक्यांत बसवलेलं अक्षर, आणि दोन्हींच्या मुळाशी टाकाची तीच ओळख.

आठवड्यातून एकदा बोरू बाजूला ठेवून बाहेर पडावं. दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, त्यानंतर मुंबईत देवनागरी पाट्या भराभर लागल्या. मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको हा नियम आहे, त्यामुळे अक्षरं मोठी झाली. घाईत झालेल्या कितीतरी पाट्यांवर फाँट आडवा ताणलेला आहे, म्हणजे दंड जाड आणि शिरोरेषा होती तेवढीच. कुठे रोमन लोगोचे तुकडे जोडून त्यावर पट्टी ओढली आहे. चिडण्यापेक्षा हा आयता अभ्यास समजावा. एक पाटी निवडायची, दोन मिनिटं नुसती बघायची, फोटो काढायचा पण उघडायचा नाही. घरी येऊन आठवणीतून काढायची आणि मग फोटोशी ताडायची. जिथे चुकलो तिथे आपण बघितलंच नव्हतं. गिरगावात, दादरला, पुण्याच्या पेठांत हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्या अजून सापडतात. त्या चपट्या ब्रशच्या आहेत, बोरूच्या नाहीत. रंगाऱ्याने वळणावर ब्रश बोटांत फिरवलेला असतो, त्यामुळे जाडी वेगळ्या जागी पडते. ती जागा शोधण्यात पंधरा मिनिटं सहज जातात.

ऑफिसात चार-पाच जण मिळून करत असाल तर आठवडाभर सगळ्यांनी अक्षरं तीच घ्यावीत आणि शुक्रवारी पानं भिंतीवर लावावीत. पाव तास, आणि प्रश्न एकच, ‘काय बदललंस?’ कुठलं चांगलं हे ठरवायला बसलात की पुढच्या शुक्रवारी भिंतीवर पानं कमी होतील.

पानातलं एखादं अक्षर कामासाठी घ्यायचं झालं तर ६०० डीपीआयला स्कॅन करावं आणि रेषा स्वतः आखावी. सॉफ्टवेअरच्या आपोआप ट्रेसला शाईचा प्रत्येक केस खरा वाटतो आणि तो शेकडो बिंदू टाकतो. एका पोटाला बाहेरून चार, आतून चार बिंदू पुरतात, वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकाला. त्यानंतर अक्षर आठ मिलिमीटर उंचीवर छापून बघावं. आतली पोकळी बुजली असेल तर कागदावर परत जायचं, तिसऱ्या ओळीकडे.

काम झालं की बोरू लगेच धुवावा, चिरेत शाई वाळली की ती पुढे उतरत नाही. टोक वर करून उभा ठेवावा. आठ-दहा दिवसांनी बारीक रेघ जाड यायला लागते, तेव्हा टोक बोथट झालं समजायचं. फळीवर ठेवून अर्धा मिलिमीटर छाटायचं, डावा कोपरा उंच ठेवून, एकाच दाबात. मग कागदाच्या कडेला पुन्हा त्या चार रेघा, उभी, आडवी आणि दोन तिरप्या.